पहिल्यांदाच गाडी खोलणार असाल, तर जुनी स्प्लेंडर घ्या

गाडी : हिरो होंडा स्प्लेंडर, १९९७चं मॉडेल, चार गिअर, किक स्टार्ट, नंबर एमएच-१०. जुनी मोटारसायकल स्वतःच्या हातानं खोलायची, दुरुस्त करायची आणि थोडी आपल्या मनासारखी करून चालवायची, असा पहिला प्रोजेक्ट कुणाच्या डोक्यात असेल तर माझं मत पक्कं आहे. हीच घ्या. आरएक्स १०० नको, बुलेट नको, येझदी तर अजिबात नको. त्या दुसऱ्या-तिसऱ्या खेपेच्या गाड्या आहेत.

मी मिरजेत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. पाना हातात धरायची सवय नव्हती, पण मापं घ्यायची, नोंदी ठेवायची, बाटलीवर चिठ्ठी लावल्याशिवाय बाटली खाली न ठेवायची सवय पक्की होती. गॅरेजचं शिक्षण आमच्या गल्लीतल्या मिस्त्रींनी दिलं. मात्र त्यांची अट होती, की पाना मी फिरवायचा आणि ते फक्त बघणार.

गाडी मामांची. कवठे महांकाळ तालुक्यात त्यांची द्राक्षबाग आहे, आणि पिकअप यायच्या आधी बागेची सगळी ये-जा या स्प्लेंडरवरच चालायची. औषधाचे डबे, डबा-पाणी, कधी मागे बसलेला गडी, सगळं हिनंच ओढलं. नंतर ती गोठ्याशेजारी लागली ती लागलीच. मी विचारलं, "मामा, गाडी मी नेऊ का?" ते म्हणाले, "ने की. तशीबी पडूनच हाय. उंदरांनी सीट खाल्लीया, तेवढं बघ. आणि कागदं कपाटातनं मामीकडून माग."

कागदांपासूनच सुरुवात करते, कारण नवखी माणसं इथेच फसतात. आरसी बुक, मूळ मालकाची सही आणि चॅसी नंबर या तीन गोष्टी जुळल्याशिवाय स्क्रूला हात लावू नका. स्प्लेंडरचा चॅसी नंबर हँडलच्या खाली, फ्रेमच्या मानेवर ठोकलेला असतो. त्यावर गंज किंवा रंगाचे थर असतील तर रॉकेल आणि बारीक ब्रशनं साफ करून वाचा. पॉलिश पेपर फिरवू नका, कारण आकडे पुसट झाले तर आरटीओत उत्तरं देत बसावं लागतं. मालकी बदलायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरण. २० वर्षांवरच्या दुचाकीची नूतनीकरणाची फी ऑगस्ट २०२५पासून २,००० रुपये झाली आहे. त्याशिवाय महाराष्ट्रात १५ वर्षांवरच्या दुचाकीला पाच वर्षांचा पर्यावरण कर आहे, आणि मुदत टळून गेली असेल तर महिन्यागणिक दंड वाढतो. नवी हाय सिक्युरिटी नंबर प्लेट जीएसटी धरून ५३१ रुपये. विमा आणि पीयूसी वेगळी. हा सगळा हिशेब आधी कागदावर मांडा. फुकट मिळालेली गाडीही फुकट नसते. आणि "कागदं नंतर बघू" म्हणणाऱ्याकडून तर पाच हजारांतही घेऊ नका.

आता स्प्लेंडरच का, ते सांगते. १९९४ साली ही गाडी आली. तिच्यातलं ९७.२ सीसीचं इंजिन सीडी १००च्या घराण्यातलं, म्हणजे १९८५पासून आपल्याकडच्या रस्त्यांवर असलेलं. बोअर, म्हणजे सिलेंडरचा आतला व्यास, ५० मिलिमीटर, आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची चाल, ४९.५. वर्षानुवर्षं जगात सर्वांत जास्त खपणारी मोटारसायकल म्हणून तिचं नाव घेतलं जायचं. तुमच्या-माझ्यासाठी याचा अर्थ एकच : कवठे महांकाळच्या दुकानातसुद्धा हिची क्लच प्लेट, पॅकिंग सेट, ऑइल सील, ब्रेक शू काउंटरवर मिळतात. पहिल्या प्रोजेक्टमध्ये माणूस अवघड कामापाशी अडत नाही. एका लहानशा सुट्या भागासाठी महिनाभर थांबावं लागलं की त्याचा उत्साह मरतो, आणि पोत्यात भरलेली गाडी पोत्यातच राहते.

दुसरं कारण म्हणजे इंजिनाची ठेवण. सिलेंडर जवळजवळ आडवा, पुढच्या चाकाकडे तोंड करून बसवलेला आहे. कार्बोरेटर वरून, सायलेन्सर खालून. त्यामुळे इंजिन फ्रेममधून न उतरवता हेड (सिलेंडरचं झाकण), ब्लॉक (खुद्द सिलेंडर) आणि पिस्टन बाहेर काढता येतात. एकटी बाई किंवा एकटा मुलगा, अंगणात, दोन विटा आणि एका पाटावर हे काम करू शकतो. बुलेटचं ३४६ सीसीचं धूड खाली उतरवायला दोन माणसं लागतात. येझदीची किक आणि गिअर एकाच लिव्हरवर. ती रचना हुशार आहे, मला आवडते, पण तिचा क्लच जुळवायला जाणता हात लागतो आणि तसे हात आता कमी राहिलेत. आरएक्स १००चं बोलायचं तर तिचं उत्पादन १९९६ला थांबलं, ९८ सीसीतून ११ हॉर्सपॉवर काढणारी टू-स्ट्रोक म्हणून तिचे चाहते वेडे आहेत, आणि त्या वेडामुळेच भाव चढलेत. चॅसी नंबरात गडबड केलेल्या गाड्या त्याच बाजारात फिरतात. शिकायला इतकी महाग आणि इतकी जोखमीची गाडी कशाला?

हत्यारं फार लागत नाहीत. ८, १०, १२, १४ आणि १७चे पाने, गोटी पान्यांचा लहान सेट, प्लग पाना, फीलर गेज (फटी मोजायच्या पट्ट्या), मॅग्नेट (इंजिनाचं वीज बनवणारं चाक) काढायचा पुलर. पण एका हत्याराबद्दल मी हट्टानं सांगेन, ते म्हणजे इम्पॅक्ट ड्रायव्हर. जपानी घडणीच्या या इंजिनाच्या कव्हरवर चौफुली खाचेचे स्क्रू असतात, आणि त्यांची खाच आपल्या नेहमीच्या फिलिप्स स्क्रूड्रायव्हरशी तंतोतंत जुळत नाही. जेआयएस म्हणून वेगळं जपानी माप आहे. साध्या ड्रायव्हरनं जोर लावला की टोक वर सरकतं, खाच गोल होते आणि मग स्क्रू ड्रिलनं काढावा लागतो. जेआयएसचं टोक लावून इम्पॅक्ट ड्रायव्हरवर हातोडीचा एक नेमका ठोका दिला की वर्षानुवर्षं न उघडलेला स्क्रूही सुटतो. परत बसवताना मी सगळीकडे एलन बोल्ट टाकले. पुढच्या वेळी हाल नकोत.

मामांच्या गाडीची किक दबत नव्हती. उभ्या गाडीत बहुधा पिस्टनच्या रिंगा सिलेंडरला गंजून चिकटतात. मिस्त्रींनी प्लग काढायला लावला, त्या भोकातून थोडं डिझेल आणि इंजिन ऑइल आत सोडलं आणि गाडी तशीच ठेवायला सांगितली. किकवर उभं राहून उड्या मारायच्या नाहीत, हे त्यांनी बजावलं होतं. अशा उड्यांनी रिंग तुटते, नाहीतर किकचे दाते जातात. पुढच्या रविवारी डावीकडचं कव्हर काढून मॅग्नेटच्या नटावर पाना लावला, हलकेच मागेपुढे केलं, आणि क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, फिरला.

टाकीचं काम मात्र मी माझ्या पद्धतीनं केलं. आत गंजाचे पोपडे होते. बरेच जण टाकीत नटबोल्ट टाकून खळखळवतात, त्यानं सैल गंज निघतो पण पत्र्याच्या सांध्यातला राहतो. मी सायट्रिक अ‍ॅसिड, म्हणजे किराणा दुकानातलं लिंबूसत्व, लिटरला साधारण ५० ग्रॅम या प्रमाणात गरम पाण्यात विरघळवून टाकी काठोकाठ भरली. पेट्रोल कॉक काढून ते भोक बुचानं बंद केलेलं. रात्रभरात पाणी काळपट-हिरवं होतं आणि आतला पत्रा राखाडी दिसू लागतो. मग ते ओतून खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं धुवायचं, म्हणजे उरलेलं आम्ल शमतं, आणि लगेच वाळवायचं. इथे रेंगाळलात तर तासाभरात नवा गंज धरतो. मी हेअर ड्रायर लावला आणि आतून तेलाचा हात फिरवला. पेट्रोलची नळी आणि कॉकचे रबर बिनशर्त बदला. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. ते जुन्या रबराला फुगवतं आणि पाणी ओढून घेतं. म्हणूनच गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर टाकीत आणि कार्बोरेटरच्या वाटीत पेट्रोल ठेवू नका.

खरं शिक्षण झालं ते ब्लॉक उघडल्यावर. हेडचे चार नट एकदम न सोडता, समोरासमोरचे थोडे-थोडे करत सोडायचे. कोणता वॉशर कुठे होता ते लिहून ठेवायचं. तांब्याचा वॉशर तेलाच्या वाटेवरच्या नटाखालचा असतो, तो दुसरीकडे गेला की हेडमधून तेल झिरपतं. प्रत्येक भागाला मी लॅबमधल्यासारखी झिपची पिशवी आणि चिठ्ठी केली : कुठला बोल्ट, कितीचा, कुठे. मिस्त्रींना आधी हे जरा जास्तच वाटलं होतं. जोडणी करताना तेच म्हणाले, "ताई, ती डाव्या कव्हरची पिशवी द्या हो."

ब्लॉक, हेड आणि टायमिंगचं (व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनशी जुळवणाऱ्या चेनचं) सामान घेऊन मी कोल्हापूरला, शिवाजी उद्यमनगरात गेले. या भागाबद्दल वेगळं लिहायलाच हवं. फौंड्री, लेथ, मिलिंग, गिअर कटिंग, ग्राइंडिंग अशी एकाला एक लागून दुकानं. दुचाकीचा ब्लॉक आणि उसाच्या चरकाचा शाफ्ट एकाच फळीवर नंबर लावून बसलेले असतात. मी ज्यांच्याकडे गेले त्यांनी आधी पिस्टन मागितला. नवा ओव्हरसाइज, म्हणजे मूळ मापाहून किंचित मोठा, पिस्टन हातात असल्याशिवाय सिलेंडर आतून कातायचा, म्हणजे बोअर करायचाच नाही, हा त्यांचा नियम, आणि तो सोळा आणे बरोबर आहे. पिस्टन कंपनीगणिक केसभर फरकाचे असतात. आधी पिस्टन, त्याचं मायक्रोमीटरनं माप, आणि त्या मापावर शतांश मिलिमीटरांचा मोकळेपणा ठेवून बोअर. उलटं करून घेणाऱ्यांच्या गाड्या एक तर जाम होतात, नाहीतर धूर सोडतात.

त्यांनी बोअर गेज आत घालून मला काटा दाखवला. सिलेंडर वरच्या बाजूला जास्त झिजलेला, खाली कमी, आणि एका बाजूनं लंबगोल. पिस्टनचा दाब ज्या भिंतीवर पडतो ती भिंत जास्त घासते, म्हणून असं होतं, हे त्यांनी काटा फिरवून समजावलं. पहिला ओव्हरसाइज म्हणजे ०.२५ मिलिमीटर पुरला. पुढे ०.५०, ०.७५ आणि १.०० अशा पायऱ्या असतात, म्हणजे हा ब्लॉक अजून पुष्कळ वर्षं चालेल. बोअर झाल्यावर होनिंगचे, म्हणजे बारीक दगडानं घासल्याचे, आडवे-तिरपे ओरखडे सिलेंडरभर दिसले पाहिजेत. त्या रेघांत तेल टिकतं आणि नव्या रिंगा तिथेच बसतात. सिलेंडर आरशासारखा गुळगुळीत करून देणाऱ्या माणसाकडे परत जाऊ नका. घरी आणल्यावर ब्लॉक साबणाच्या गरम पाण्यानं घासून धुवा, पांढरं कापड आतून फिरवल्यावर ते पांढरंच निघेपर्यंत, आणि मग लगेच तेल लावा. होनिंगचा कण आत राहिला तर तो नव्या रिंगांना खातो.

व्हॉल्व्ह मी घरीच घासून बसवले. ग्राइंडिंग पेस्ट लावायची, रबरी चोखणीच्या काठीनं व्हॉल्व्ह तळहातांमध्ये फिरवायचा, मधूनमधून उचलायचा. व्हॉल्व्ह हेडमध्ये जिथे टेकतो त्या कडेवर सलग राखाडी कडं उमटलं की पेस्ट पूर्ण पुसायची. मग हेड उलटं करून पोर्टमध्ये, म्हणजे वायूच्या वाटेत, रॉकेल ओतायचं आणि व्हॉल्व्हच्या कडेला थेंब येतो का बघत बसायचं. एक्झॉस्टच्या बाजूनं येत होता. पुन्हा घासला, तेव्हा थांबला. इतकी साधी आणि इतकी निःसंशय चाचणी मला फार आवडली.

जोडताना पिस्टनवरची 'आयएन' ही खूण कार्बोरेटरच्या बाजूला, म्हणजे या आडव्या इंजिनात वर येते. रिंगांवरचा शिक्का पिस्टनच्या माथ्याकडे. रिंगांची तोंडं एका रेषेत येऊ द्यायची नाहीत. टायमिंग लावताना मॅग्नेटवर दोन खुणा असतात, 'एफ' आणि 'टी'. आपल्याला 'टी' हवी, ती इंजिनाच्या खोक्यावरच्या खुणेशी जुळवायची. 'एफ' ही प्लग पेटण्याची जागा, तिचा इथे संबंध नाही. त्याच वेळी कॅमच्या चक्रावरची गोल खूण हेडच्या खुणेसमोर हवी. मग प्लग न लावता मॅग्नेट हातानं, डावीकडून बघताना घड्याळाच्या उलट दिशेनं, दोन पूर्ण फेरे फिरवा. कुठेही अडकलं नाही आणि खुणा पुन्हा जुळल्या, तरच किकला पाय लावा.

उजवीकडचं कव्हर उघडल्यावर मला या इंजिनातली सर्वांत सुंदर गोष्ट दिसली. यात कागदी ऑइल फिल्टर नाही. क्रँकच्या टोकाला एक गोल डबी आहे, ती क्रँकबरोबर गरगर फिरते आणि तेलातला जड गाळ तिच्या भिंतीला जाऊन चिकटतो. लॅबमध्ये सेंट्रिफ्यूज यंत्रात रक्ताची नळी फिरवून मी रोज हेच करते. जड पेशी तळाला, स्वच्छ सीरम वर. मामांच्या गाडीच्या त्या डबीत जाड काळा थर बसला होता. म्हणजे जो गाळ बेअरिंगांत गेला असता, तो इतकी वर्षं तिनं अडवून धरला. रॉकेल आणि दोरे न सुटणाऱ्या कापडानं ती साफ करा, खालची जाळीही काढून धुवा. गाडी घेतल्यावर ही डबी कधीच न उघडलेले मालक बहुसंख्य आहेत. तुम्ही काहीच मोठं काम करणार नसाल तरी एवढं कराच. तेल १०डब्ल्यू-३० घ्या आणि डब्यावर जासो एमए (मोटारसायकलच्या तेलाची जपानी खूण) लिहिलंय का बघा. क्लच याच तेलात बुडालेला असतो, आणि कारच्या तेलातले घर्षण कमी करणारे पदार्थ त्याला घसरवतात.

कार्बोरेटरबद्दल थोडक्यात. स्लो जेटचं, म्हणजे कमी वेगाला पेट्रोल देणाऱ्या नळीचं, भोक केसाएवढं, तारेनं टोचू नका, क्लीनर आणि हवेच्या दाबानं साफ करा. एअर स्क्रू काढण्याआधी तो किती वेढे बाहेर होता ते मोजून लिहा.

वायरिंगला लोक घाबरतात, पण होंडाच्या वायरिंगचे रंग एकदा कळले की भीती जाते. हिरवी म्हणजे अर्थ. लाल बॅटरीची. काळी म्हणजे किल्ली फिरवल्यावर जिच्यात करंट येतो ती. केशरी डावा इंडिकेटर, फिकी निळी उजवा. उंदरांनी कुरतडलेली वायरिंग मी टेपनं गुंडाळत बसले नाही, तेवढा तुकडा कापून त्याच रंगाची वायर सोल्डर करून टाकली. एक मर्यादा मात्र स्वीकारा. या जुन्या मॉडेलचा हेडलाइट थेट मॅग्नेटच्या एसी करंटवर चालतो, बॅटरीवर नाही. गाडी हळू झाली की दिवा मंदावतो. बाजारातला एलईडी बल्ब त्यात सरळ लावला तर लुकलुकतो. मी ३५ वॅटचा साधाच बल्ब ठेवला, रिफ्लेक्टर नवा घातला आणि रात्री मिरज-पंढरपूर रस्त्यावर जायचं टाळते.

ब्रेक ही गाडीची कमजोर बाजू. दोन्हीकडे ड्रम. नवे शू, नवी केबल आणि ड्रमची सफाई करूनही आजच्या डिस्कची सवय असलेल्याला ते ढिले वाटतील. शूची धूळ फुंकरीनं किंवा कॉम्प्रेसरनं उडवू नका. जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, ओल्या फडक्यानं पुसा आणि तोंडाला मास्क लावा. कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंगं), मागचं चाक धरणाऱ्या चिमट्याचे बुश आणि पुढच्या शॉकअपचे ऑइल सील हे तिन्ही एका दमात बदलून घ्या. चाकांच्या रिंगांचा आउट, म्हणजे डगमग, काढून घ्या. टायरवर चार आकडी तारीख असते, पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. मामांच्या टायरला अजून नक्षी शिल्लक होती, पण रबर कडक होऊन चिरलं होतं. असा टायर पावसात पकडत नाही. मागे २.७५च्या जागी ३.००-१८ घातला, व्यवस्थित बसतो आणि मिरजेच्या खड्ड्यांत फरक जाणवतो.

आता सजावट. इथे माझं मत अनेकांना पटणार नाही. फ्रेम कापून, मागचा भाग उडवून, एअर फिल्टरचा डबा फेकून, त्या जागी लहानसा गोल फिल्टर लावून कॅफे रेसर करायची पद्धत आहे. दिसायला झोकदार असते. पण डबा काढला की या लहान इंजिनाला हवा जास्त आणि पेट्रोल कमी मिळतं, ते तापतं आणि जेट बदलत बसावं लागतं. फ्रेम कापणं तर सरळ धोक्याचं आणि बेकायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार कंपनीनं नोंदवलेल्या रचनेत परवानगीशिवाय बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी २०१९मध्ये तेच ठामपणे सांगितलं आहे. २०१९च्या दुरुस्तीनंतर मालकाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. रंग बदलता येतो, पण आरसीवर तशी नोंद करून घ्यावी लागते.

म्हणून मी फ्रेम, इंजिन, सायलेन्सर, दिवे, मडगार्ड यांच्या रचनेला हात लावला नाही. सीट उतरत्या कुल्ल्याची होती, ती आमच्या सीटवाल्याकडून सपाट, जरा अरुंद आणि आडव्या शिलाईची करून घेतली, गडद तपकिरी रेक्झिनमध्ये. हँडल थोडं बुटकं. मूळ काळा रंग कायम ठेवला, फक्त टाकीवरचे पट्टे काढून त्या जागी एकच बारीक पांढरी रेघ, पेंटरनं हातानं ओढलेली. त्या पेंटरनं लांबी (पुट्टी) भरून पोचे काढायला जितका वेळ घेतला त्याच्या दुप्पट वेळ पॉलिश पेपर मारायला घेतला, आणि तो वेळ कुठे गेला ते टाकीवर उन्हात दिसतं. चेनचं बंद कव्हर ठेवलं. बरेच जण ते काढून टाकतात. आमच्याकडची धूळ, उसाच्या मोसमातला चिखल आणि पाऊस बघता ते कव्हर म्हणजे चेनचं दुप्पट आयुष्य आहे.

खर्च : इंजिनाचं सामान, बोअरिंग आणि क्लच मिळून सुमारे ६,५००. दोन टायर-ट्यूब ३,६००. चेन-स्प्रॉकेट, बॅटरी, केबली, ब्रेक, कोनसेट, बुश मिळून ५,०००च्या आसपास. रंग ४,५००, सीट १,३००. हत्यारं ४,०००, ती पुढेही कामाला येतील. आरटीओ, विमा, नंबर प्लेट आणि दंड धरून जवळजवळ ८,०००. मिस्त्रींनी पैसे घेतले नाहीत, मी त्यांना एक चांगला टॉर्क रेंच आणून दिला.

तक्रारी आहेतच. १९९०च्या दशकातली साइड पॅनल, मीटर आणि लोगो कंपनीकडून आता मिळत नाहीत. बाजारातली नक्कल पातळ प्लॅस्टिकची असते आणि खाचा जुळत नाहीत. मीटरसाठी मला जुन्या सामानाच्या बाजारात हिंडावं लागलं. सुट्या भागांत बनावट मालही भरपूर आहे, अगदी होलोग्रामसकट. पिस्टन, टायमिंग चेन आणि ब्रेक शू या तीन गोष्टींत पैसे वाचवू नका, ओळखीच्या दुकानातून पक्क्या बिलावरच घ्या. बॅटरीच्या खालच्या पत्र्यावर आम्ल सांडून गंज धरलेला असतो, गाडी बघायला जाल तेव्हा तिथे बोटानं दाबून बघा. आणि वेगाची अपेक्षा ठेवू नका. ताशी ५०-५५ला ही सुखात असते, ७०च्या पुढे हँडल थरथरतं.

पहिले ५०० किलोमीटर मी सावकाश चालवली, चढावर जास्त गिअरमध्ये कण्हू दिली नाही, आणि मग तेल बदललं. निघालेल्या तेलात सुरुवातीला बारीक चकाकी दिसते, ती नव्या रिंगांची, घाबरायचं कारण नाही. दुसऱ्या बदलाला ती दिसली तर मात्र ब्लॉक पुन्हा उघडा. माझ्या गाडीचं दुसरं तेल स्वच्छ निघालं. आता लिटरला साठच्या वर जाते, सकाळी पहिल्या-दुसऱ्या किकला उठते.

कुणी घ्यावी : ज्याला आतलं समजून घ्यायचंय, ज्याच्याकडे रविवार आणि सावलीची जागा आहे, आणि ज्याला गावात एक तरी पारखी मिस्त्री माहीत आहे. कुणी घेऊ नये : ज्याला दोन महिन्यांत फोटो काढण्याजोगी गाडी हवीय. पाच पैकी साडेचार. अर्धा गुण ब्रेकसाठी कापला.

पुढच्या हिवाळ्यात छाटणीनंतर मामांना बागेत जायला ती हवी आहे. तोवर मागच्या बाजूला त्यांचे औषधाचे डबे बसतील असं जुनं कॅरिअर शोधते आहे. त्या मॉडेलचं मूळ लोखंडी कॅरिअर सांगली-कोल्हापूरकडे कुठे दिसलं तर कळवा.